वांगी माझ्या हातची

"मावशी, हात काढा."

माझा हात बडजीवर होता. बडजी म्हणजे होडीसारखी खोलगट लाकडी परात. भाजलेली वांगी तिच्यात टाकायची आणि मुसळानं ठेचायची. जळगावात थंडी पडली की गल्लोगल्ली, शेतोशेती भरीत होतं. त्या दिवशी आमच्या बागेत होतं. आमच्या म्हणजे, तोवर मी तिला आमची म्हणत होते.

वांगी मीच भाजली होती. सकाळपासून कपाशीच्या काड्या मोडून जाळ घालत होते. डोळ्यांत धूर, पदराला राख. पहिलं वांगं गार झालं तसं मी ते सोललं. नळावर हात धुवून आले होते, दोनदा. सोललेलं वांगं बडजीत ठेवलं आणि मुसळ उचलायला वाकले.

तेवढ्यात कॉलनीतली शोभाताई म्हणाली, मावशी, हात काढा.

आवाज हळू होता. चेहरा हसरा होता. शेजारी तिच्या माहेरची पाहुणी माणसं उभी होती. ती पुढं म्हणाली, "तुम्ही जाळाकडं बघा. हे आमच्या बायका करतील."

मी हात काढला.

मग तिनं एक काडी घेतली. मी सोललेलं वांगं त्या काडीनं बडजीतून बाहेर सारलं, कागदावर घेतलं आणि कडेच्या जास्वंदीच्या बुंध्याशी नेऊन टाकलं.

"खत होईल," म्हणाली.

बडजीत तिनं तांब्याभर पाणी फिरवलं आणि ओतून दिलं. मग तिच्या बायका बसल्या आणि सोलायला लागल्या.

मी जाळाकडं गेले. बघा म्हणाली होती ना. बघत बसले.

आता ही बाग कुठून आली ते सांगते.

आमची गल्ली आणि त्यांची कॉलनी यांच्यामध्ये एक मोकळी जागा होती. कॉलनी पडली तेव्हा सोडलेली. लोक तिला ओपन स्पेस म्हणत. वेडी बाभूळ माजलेली, गाजरगवत छातीएवढं. कॉलनीतली घरं बांधताना उरलेला मलबा, फुटलेल्या फरशा, बाटल्या, सगळं तिथंच. त्यांच्या बाजूनं कचरा पडे, आमच्या बाजूनं डुकरं शिरत. आमची पोरं तिथं खेळत, कारण दुसरी जागाच नव्हती. एकदा माझ्या लेकीच्या तळपायात काच गेली. चार टाके पडले.

मग कॉलनीत एक समिती झाली. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही सरच म्हणते. सर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही जागा आपल्या सगळ्यांची आहे. दर रविवारी सकाळी दोन तास श्रमदान करू. तुम्हीही या."

आपल्या सगळ्यांची. हा शब्द त्यांचा. माझा नाही.

मी गेले. आमच्या गल्लीतून सहा बायका गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला निळा झेंडा आहे, छोटासा विहार आहे. आम्ही कोण हे तिथं कुणाला विचारावं लागत नाही. तरी बोलावलं म्हणून बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

मला झाडांतलं कळतं. मी शिरपूरकडची. सातपुड्याच्या पायथ्याशी एका रोपवाटिकेत माझा बाप कामाला होता. चौदाव्या वर्षापासून मीही पिशव्या भरायला जायची. लग्न होऊन जळगावात आले, नवरा रिक्षा चालवायचा, मी इथंही अकरा वर्षं एका नर्सरीत जातेय. कोणतं बी किती खोल टाकायचं हे माझ्या बोटाला माहीत आहे.

पहिल्या रविवारी सर कागद घेऊन आले होते. कागदावर लॉन होतं. गोल गोल. मी म्हणाले, "सर, जळगावच्या उन्हात लॉन टिकणार नाही. पाणी कुठून आणाल?" त्यांनी कागद खाली घेतला. मग म्हणाले, "मग काय लावायचं?"

मी सांगितलं. पश्चिमेला कडुनिंब आणि करंज, दुपारची सावली पडेल अशी. मध्ये बहावा. कडेनं कढीपत्ता, शेवगा, जास्वंद. आणि दक्षिणेकडच्या तुकड्यात भाजीचे वाफे, सगळ्यांसाठी. जे काम करतील त्यांनी वाटून घ्यायची.

तसंच झालं. कागद बाजूला पडला. भोवती बुटकी भिंत झाली, फाटक बसलं, झोका आणि सिमेंटची बाकडी आली.

दोन वर्षं. बाभळीची खोडं उपसताना शोभाताई आणि मी एकाच दोराला ओढत होतो. ती गावाकडची, बोदवडजवळच्या शेतकरी घरातली. नवरा बँकेत. तिला माती हातात घेतली की बरं वाटे. ती मला ताई म्हणायची. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण ताईच. मावशी मी पाहुण्यांसमोर झाले. वाफ्यात बसून आम्ही तासतास बोलायचो. तिच्या सुनेचं, माझ्या लेकीचं, तिच्या गुडघ्याचं. मला कुणी मैत्रीण विचारली असती तर मी तिचंच नाव घेतलं असतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात कॉलनीची बोअर आटली. रोपं माना टाकायला लागली. आमच्या गल्लीतल्या हातपंपाला पाणी होतं. आम्ही सहा बायकांनी रांग लावून बादल्या पोचवल्या. एप्रिल, मे, जूनचा अर्धा. पंचेचाळीस अंशाच्या वर पारा. पोत्यांच्या सावल्या केल्या. एक झाड जाऊ दिलं नाही.

आमच्या हातपंपाचं पाणी झाडांना चाललं. शोभाताईच्या घरी मात्र मी कधी पाणी प्यायले नाही. तिनं कधी आत बोलावलं नाही. बोलणं फाटकातच व्हायचं. रविवारी काम झालं की चहा यायचा. त्यांना कपात, आम्हाला कागदी पेल्यात. मला दिसत होतं. मी मनाशी म्हणायची, कप कमी असतील. अकरा कप आणि सहा कागदी पेले, दर रविवारी, दोन वर्षं. आणि मी म्हणत होते, कप कमी असतील.

दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. बागेचा मोह होता.

त्या वर्षी पाऊस लागल्यावर मी भरताच्या वांग्याची रोपं केली. गादीवाफ्यावर. हिरवी, पांढुरक्या पट्ट्यांची, मोठी, बी कमी असलेली वांगी. शेंडेअळी पडली तर औषध मारायचं नाही असं ठरलेलं, म्हणून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी एकेक शेंडा बघून किडलेला खुडायची. कार्तिकात वांगी लागली. एकेक अर्ध्या किलोच्या वर. सरांनी फोटो काढले. म्हणाले, आता बागेतच भरीत करू, सगळे मिळून.

पुढचं तुम्हाला सांगितलं. पण सगळं नाही सांगितलं.

भरीत तयार झालं. लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरं. त्यांच्या बायका केळीच्या पानांवर पुऱ्या वाढत होत्या. शोभाताई आमच्याकडं आली. म्हणाली, "मावशी, तुमची पानं भिंतीपलीकडं मांडलीत. गल्लीच्या बाजूला. सावली आहे तिकडं."

खरंच सावली होती. करंजाची. मीच लावलेल्या.

आम्ही सहा जणी भिंतीच्या बाहेर गेलो. पानं वाढलेली होती. यमुनाअक्का, आमच्या गल्लीतली सगळ्यात मोठी बाई, साठीच्या पुढची, तिनं पानाकडं बघितलं, पदर झटकला आणि घरी निघून गेली.

मी बसले. मी जेवले.

भरीत चांगलं झालं होतं. हे सांगताना माझी जीभ अडखळते, पण झालं होतं. मी पुरी तोडत होते, घास घेत होते आणि भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. सर कुणाला तरी सांगत होते, "सगळं सेंद्रिय आहे, बरं का. आपल्या बागेतलं." पान पुसून खाल्लं मी. भूक होती. पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. अपमान पोटाला कळत नाही, पण मला कळला होता. कळूनही मी खात होते.

संध्याकाळी मी अक्काच्या ओट्यावर गेले. ती धुळ्याकडची, माझ्याशी अहिराणीच बोलते.

"का बरं उठी नही उनी तू?" तिनं विचारलं. उठून का आली नाहीस.

"भूक लागेल व्हती, अक्का."

"माले बी लागेल व्हती." मग म्हणाली, "बठ्ठ्या बाया तुन्हाकडे देखी राह्यन्यात. तू बठनी म्हणीसन त्या बठन्यात."

सगळ्या तुझ्याकडं बघत होत्या, तू बसलीस म्हणून त्या बसल्या. हे एवढं पुरलं. शोभाताईनं काडीनं वांगं सारलं ते मला लागलं होतंच. पण हे त्याहून खोल गेलं. मी एकटी भिंतीबाहेर बसले नव्हते. मी चौघींना बसवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बागेत जाणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी सर आमच्या दारात आले. आजवर ते गल्लीच्या तोंडापर्यंतच येत. शेजारून अक्कानं पाण्याचा पेला आणला. सर म्हणाले, "नको, आत्ताच चहा झाला." उभेच राहिले. मी बसा म्हणाले नाही.

"तुम्ही त्या दिवसाचं मनाला लावून घेतलंत," ते म्हणाले. "जुन्या वळणाची माणसं असतात. पाहुणे होते. शोभाताईंच्याही काही अडचणी असतात."

मी अक्काच्या हातातल्या पेल्याकडं बघत होते.

"बाग वाळतेय हो. झाडांचा काय दोष?"

हे त्यांनी बरोबर ठिकाणी मारलं. मग ते म्हणाले, "समितीनं ठरवलंय. तुम्हाला माळी म्हणून रीतसर ठेवायचं. दर महिन्याला मानधन देऊ. तुमचाही मान राहील."

मी विचारलं, "सर, समितीत किती जण आहेत?"

"अकरा."

"त्यांच्यातलं कोण मानधन घेतं?"

ते हसले. "ते कशाला घेतील? ते रहिवासी आहेत."

"मग मी कोण आहे?"

खरंच सांगते, ते वाईट माणूस नाहीत. त्यांना उत्तर शोधायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, ते शोधताहेत. दोन वर्षं माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी खड्डे घेतले होते, पण हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"मी नोकर म्हणून आले नव्हते," मी म्हणाले. "तुम्ही आपल्या सगळ्यांची म्हणालात म्हणून आले होते. आता येणार नाही."

ते गेले. अक्का म्हणाली, "पानी पी." तोच पेला तिनं मला दिला. मी तो एका दमात संपवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाला नाही म्हणाले होते.

पण नाही म्हणणं सोपं नव्हतं. कामावर जायचा रस्ता बागेवरूनच. त्यांनी कुणीतरी माळी ठेवला, तो दोन दिवस यायचा आणि चार दिवस नाही. भाजीचे वाफे भेगाळले. मधल्या बहाव्याची पानं पिवळी पडली. हातपंप तिथून पन्नास पावलांवर. मी एक बादली ओतली असती तर जगला असता. मी नाही ओतली. रोज बघत गेले. फांदी वाळली, मग खोड वाळलं. मरू दिलं मी ते झाड. मला ते जमलं, आणि जमलं याचं अजून वाईट वाटतं.

मग फाटकाला कुलूप लागलं. आमची पोरं झोक्यावर येतात, झाडं मोडतात, असं कारण. पाटी लागली: फक्त सभासदांसाठी. चावी सरांकडे आणि आणखी दोघांकडे.

माझी लेक प्रज्ञा धुळ्याला शिकते, स्थापत्याच्या पदविकेला. फोनवर मी तिला कुलपाचं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "आई, ती जागा कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"कागदावर कुणाची आहे?"

दोन वर्षांत हे मी विचारलंच नव्हतं. त्यांची आहे आणि ते आपल्याला येऊ देतात, असंच माझ्या डोक्यात होतं. सगळ्यांची म्हणाले तरीही. मनातून मी पाहुणीच होते.

प्रज्ञा सुट्टीत आली. आम्ही दोघी महापालिकेत गेलो. या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब रजेवर, मग फाईल सापडत नाही, मग उद्या या. चौथ्या खेपेला नकाशा हातात आला. प्रज्ञानं बोट ठेवून दाखवलं. खुली जागा. मालकी महापालिकेची. सर्वांच्या वापरासाठी. समितीला झाडं लावायची परवानगी होती. कुलूप लावायची नव्हती.

मी अर्ज केला. माझ्या नावानं. सही करताना प्रज्ञा म्हणाली, "गल्लीतल्या सगळ्यांच्या घे." मी घरोघर गेले. काहींनी केली. काहींनी दार लोटून घेतलं. त्यांनाही मी दोष देत नाही. निम्म्या बाया त्याच कॉलनीत धुणंभांडी करतात.

महिन्याभरानं पालिकेचा माणूस आला, कुलूप काढलं, पाटी उतरवली. त्याच आठवड्यात यमुनाअक्काच्या सुनेची दोन घरं सुटली. एका बाईनं सांगितलं, मशीन घेतलं. दुसरीनं काही सांगितलंच नाही. सून माझ्या दारात येऊन ओरडली, "तुझ्या बागेपायी माझ्या चुलीवर पाणी पडलं. तुला काय, तू नर्सरीत जाते." ती अजून माझ्याशी बोलत नाही. अक्काची मधल्या मधे कोंडी होते. हेही ह्या गोष्टीत आहे. हे लपवून मला सांगता येणार नाही.

शोभाताई एकदा बाजारात भेटली. मेथीच्या जुड्यांपाशी. माझा हात धरायला आली, मग थांबली. म्हणाली, "मी त्या रात्री रडले. खोटं नाही सांगत. माहेरची माणसं होती, मला सुचलं नाही."

मी म्हणाले, "सुचलं होतं. काडी सुचली होती."

तिचे डोळे भरले. मला तिची दया आली. खरंच आली. पण तिचे डोळे पुसणं हे माझं काम नाही. एवढी वर्षं तेच काम केलं आम्ही. त्यांनी मारायचं आणि त्यांना वाईट वाटलं की आम्ही समजूत काढायची. मी भाजी घेतली आणि निघाले.

आता फाटक उघडं असतं. पण कुलूप निघालं म्हणून माणसं आत आली असं नाही. कॉलनीतले बरेच जण यायचे थांबले. आमची पोरं झोक्यावर असली की त्यांची पोरं घरी बोलावली जातात. रविवारचं श्रमदान मोडलं. गाजरगवत पुन्हा कोपऱ्यातून पुढं सरकतंय.

मी रोज संध्याकाळी जाते. कामावरून घरी येते, तोंड धुते, धुतलेलं लुगडं नेसते. फाटकातून आत जाते आणि मधल्या सिमेंटच्या बाकड्यावर बसते. तासभर. हातात खुरपं नाही, पाटी नाही, बादली नाही. सुरुवातीला हात मांडीवर कसे ठेवायचे ते कळायचं नाही. कुठं तण दिसलं की बोटं वळवळायची. शेजारच्या बाकड्यावरची माणसं उठून जायची. मी बसून राहायची.

मागच्या आठवड्यात सर फिरत फिरत आले. माझ्यासमोर थांबले. बराच वेळ झाडं बघत राहिले. मग म्हणाले, "आलाच आहात तर त्या कढीपत्त्याला तेवढं पाणी घालता का?"

त्यांच्या आवाजात अपमान नव्हता. सवय होती.

मी म्हणाले, "नाही. मी बसले आहे."

ते पुढं गेले.

झाडांवर माझा जीव आहे. उद्या कुणी माझ्याशेजारी याच बाकड्यावर बसलं, नाव विचारलं, एकाच कपातला चहा प्यायलं, तर मी पुन्हा माती उकरीन. त्याआधी नाही. मी कामाची आहे म्हणून मला आत घेणार असतील तर मला आत यायचं नाही. मी काहीच न करता, नुसती बसलेली, त्यांना चालली पाहिजे. चालत नाही तोवर मी रोज येणार. रोज बसणार. आणि कुणी कितीही गोड बोलून उठ म्हणालं तरी उठणार नाही.